अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचंय? नेट-सेटचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

विज्ञान किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर नेहमीचा रस्ता एकच: एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) किमान ५५ टक्के, आणि जोडीला नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा). बी.एस्सी., बी.ई. झालेल्यांनी आधी बी.लिब., मग एम.लिब. करावं. विज्ञानाची पार्श्वभूमी या कामात फार उपयोगी पडते.

नेट वर्षातून दोनदा होते, ग्रंथालयशास्त्राचा विषय क्रमांक ५९. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना नेटला बसायला एम.लिब.चे ५० टक्के पुरतात. एम.लिब.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थीही बसू शकतात. नुसत्या पात्रतेसाठी वयाची अट नाही. ती जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या कनिष्ठ शिष्यवृत्तीला आहे. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते. बाहेरच्या राज्यात किंवा केंद्रीय संस्थेत जायचं मनात असेल तर नेटच द्या.

अर्ज ऑनलाइन. फोटो, सही, दहावीचं गुणपत्रक, पदवीचे तपशील आणि जातीचा दाखला समोर घेऊनच बसा. खरी अडचण नावात येते. आपल्याकडच्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी गुंता. नाव दहावीप्रमाणे भरा आणि बदलाचं राजपत्र जपून ठेवा. दुसरं, नेटला ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतली जात. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही, केंद्रीय नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. तहसीलला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका. दुरुस्तीची मुदत मिळते, पण थोडे दिवस, आणि सगळे रकाने बदलता येत नाहीत.

नेट पास झालात म्हणजे तुमची कागदपत्रं तपासली गेली, असं समजू नका. ती नेमणुकीच्या वेळी संस्था तपासते.

ग्रंथपालपदाच्या नियमात 'ग्रंथालय संगणकीकरणाचं ज्ञान' असंही म्हटलेलं असतं, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारलं तर बरेच जण अडखळतात. कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवून पाहा, डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार प्रबंध चढवून पाहा. स्थापत्यचा विद्यार्थी 'आयएस ४५६' हे काँक्रीटचं मानक मागायला आला, तर भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून ते मानक आणि त्यातल्या दुरुस्त्या दोन्ही काढून देता आल्या पाहिजेत. पेटंट शोधायलाही शिका. यातलं कुठलं प्रशिक्षण घेतलं असेल, तर त्याचं प्रमाणपत्र मूळ कागदांच्या फाइलमध्येच लावा.