पीक पिवळं पडलं की युरिया? थांबा, आधी पान बघा

अतिवृष्टीनंतर सोयाबीन-कापूस पिवळा पडला की हमखास सल्ला मिळतो: ‘खत वाहून गेलं, एक गोणी युरिया फेका.’ हा समज चुकीचा आहे आणि महागातही पडतो.

चिबडलेल्या, म्हणजे पाणी साचून राहिलेल्या रानात मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे जमिनीत नत्र (नायट्रोजन) असलं तरी ते उचललं जात नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असतं. युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं. मातीचे कण नायट्रेट धरून ठेवत नाहीत. पुढच्या सरीत ते निचऱ्याबरोबर विहिरीत उतरतं, तुंबलेल्या पाण्यात वायू होऊन उडतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ही विहीर बहुधा घरचीच असते.

म्हणून पान हातात घ्या. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या काळ्या रानात हे फार दिसतं. तिथे युरियाने काहीच साधत नाही.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. लोहासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी (चुना पाण्यात भिजवून वर राहिलेलं स्वच्छ पाणी), गाळून फवारा. कपाशीत नत्रच कमी असेल तर 10 लिटरला 200 ग्रॅम युरिया फवारा.

मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. त्यामुळे नत्राचा हप्ता एकदम न देता विभागून, पावसाचा अंदाज बघून आणि मातीआड द्या.