रेडिओ बंद पडला म्हणजे विमान आंधळं होत नाही
टॉवरशी संपर्क तुटला की वैमानिकाला धावपट्टीच सापडत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रवाशांना उगाच घाबरवणारा हा समज साफ चुकीचा आहे. बोलण्याचा रेडिओ वेगळा, वाट दाखवणारी यंत्रणा वेगळी. बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतं. विमान उतरवताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा म्हणजे आयएलएस. तिचा लोकलायझर हा संकेत १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, तर ग्लाइडस्लोप हा दुसरा संकेत खाली येण्याचा साधारण ३ अंशांचा उतार. कुणी बोलो न बोलो, हे संकेत येत राहतात. संपर्क तुटलाच तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाचा संकेतांक कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा संपर्क तुटल्याचा ठरलेला आकडा टाकतो. नियंत्रकाला ते रडारवर कळतं. शिवाय टॉवरवरून दिव्याने खुणा करता येतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा.