‘एरर’ आणि ‘मिस्टेक’: इंडोनेशियातल्या इंग्रजीच्या वह्या तपासताना

इंडोनेशियात आठवीच्या इंग्रजीच्या तासाला ‘रीकाउंट टेक्स्ट’ लिहायला लावतात, म्हणजे घडून गेलेल्या एखाद्या प्रसंगाचं वर्णन. जाकार्तातला एखादा मुलगा काय लिहील, याचा नमुना मी इथे जुळवून देतो: ‘लास्ट संडे आय वेंट टू बोगोर विथ माय फॅमिली. वुई गो बाय ट्रेन. माय मदर बाय टू बॅग. आय ॲम व्हेरी लाइक द गार्डन.’ बोगोरचं वनस्पती उद्यान १८१७ सालचं आहे. जाकार्ताहून लोकलने तिथे जाता येतं, त्यामुळे रविवारच्या सहलीला हे ठिकाण अगदी शोभणारं आहे.

या चार वाक्यांत लाल शाई चार-पाच ठिकाणी उमटेल. पण त्यातली कुठली चूक मुलाला नियमच ठाऊक नव्हता म्हणून झाली, आणि कुठली ठाऊक असूनही हातून सुटली? पहिलीला भाषाशिक्षणाच्या अभ्यासात ‘एरर’ म्हणतात, दुसरीला ‘मिस्टेक’. रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. अभ्यासात त्यांच्यात भेद केला तो भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी, १९६७ मधल्या एका लेखात. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी त्याच्या दोन वर्षं आधी भाषेचं ज्ञान आणि तिचा प्रत्यक्ष वापर यांत फरक केला होता. कॉर्डर यांनी तोच फरक शिकणाऱ्याच्या चुकांना लावला. घाई, थकवा, विसर यांमुळे जे होतं ते मिस्टेक. असं आपल्या मातृभाषेत बोलतानाही होतं. एरर मात्र नियमाने येते; फक्त तो नियम इंग्रजीचा नसतो, त्या मुलाने आपल्यापुरत्या रचलेल्या इंग्रजीचा असतो. या मधल्या भाषेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिलं. त्या भाषेत ‘वुई गो बाय ट्रेन’ हे वाक्य अगदी बरोबरही असू शकतं.

इंडोनेशियन भाषेत एररला ‘कसालाहान’ आणि मिस्टेकला ‘ककलिरुआन’ म्हणतात. भाषाशिक्षणावर विपुल लिहिणारे हेन्री गुंतुर तारिगान यांनीही ही जोडी अशीच वेगळी ठेवली आहे. म्हणजे तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणात व्याख्या पोचलेली आहे, परीक्षेत ती लिहिताही येते. अडचण पुढे येते: वही हातात घेतल्यावर या दोन चुका ओळखायच्या कशा? त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तीन खुणा आहेत, आणि माझं म्हणणं असं की तिन्ही फसव्या आहेत.

पहिली खूण: एकदा बरोबर लिहिलं आणि एकदा चुकलं, तर ती मिस्टेक. आपल्या नमुन्यात पहिल्या वाक्यात ‘वेंट’ आहे, दुसऱ्यात ‘गो’. शिक्षक म्हणेल, येतंय की याला, लक्ष नाही फक्त. इथे इंडोनेशियन भाषा जरा जवळून पाहायला हवी. तिच्यात क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘साया पर्गी’ म्हणजे मी जातो, मी गेलो, मी जाईन, यांतलं काहीही. काळ कळतो तो ‘कमारिन’ म्हणजे काल, ‘बेसोक’ म्हणजे उद्या अशा शब्दांवरून, नाहीतर झाल्याचं सांगणाऱ्या ‘सुदाह’वरून. आणि काळ एकदा सांगून झाला की दर वाक्यात तो पुन्हा सांगावा लागत नाही. ऐकणारा तो मनात धरून पुढे चालतो.

आता नमुना पुन्हा वाचा. ‘लास्ट संडे’ म्हणून काळ ठरला, त्याच वाक्यात ‘वेंट’ आलं, आणि पुढची सगळी क्रियापदं मूळ रूपात आली. यात निष्काळजीपणा नसून शिस्तही असू शकते: ‘गोष्टीच्या तोंडाशी काळ दाखवावा, मग सोडून द्यावा’ असा नियम मुलाने बांधलेला असेल. कदाचित ‘लास्ट संडे आय वेंट टू’ एवढा तुकडा त्याने आख्खाच पाठ केलेला असेल आणि ‘वेंट’ हे ‘गो’चंच रूप आहे हे त्याच्या डोक्यात कधी जोडलं गेलं नसेल. किंवा खरोखरच घाई असेल. तिन्ही शक्यतांत कागदावर येणारी अक्षरं तीच. मराठी मुलाच्या वहीत असाच ‘गो’ दिसला तर त्याचा अर्थ वेगळा लावावा लागेल, कारण आपल्याकडे ‘जातो’ आणि ‘गेलो’ हा फरक मुलाला बोलायला लागल्यापासून पाळावा लागतो.

दुसरी खूण: पुन्हा पुन्हा होते ती एरर, एखाद्या वेळी होते ती मिस्टेक. याला उत्तर म्हणून ‘दिया’ हे एक सर्वनाम पुरेसं आहे. इंडोनेशियनमध्ये तो आणि ती, दोघांनाही ‘दिया’. त्यामुळे इंग्रजी चांगलं येणारी माणसंसुद्धा भरभर बोलताना आईबद्दल सांगता सांगता ‘शी’च्या जागी इंग्रजीतलं ‘ही’ (he, म्हणजे तो) म्हणून जातात. दहा मिनिटांच्या बोलण्यात हे अनेकदा होऊ शकतं. पण थांबवून विचारा, ‘शी’ कुणासाठी? उत्तर क्षणात येतं आणि बिनचूक येतं. नियम पूर्ण ठाऊक आहे. बोलण्याच्या वेगात लिंग निवडण्याची सवय तेवढी झालेली नाही. कॉर्डर यांच्या व्याख्येने ही मिस्टेक ठरते, कितीही वेळा झाली तरी. उलट, एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा ‘इफ आय हॅड नोन’च्या (मला ठाऊक असतं तर) धर्तीचं वाक्य लिहायला जाते आणि फसते. चूक एकच, तीही एकदाच झालेली. तरी ती एरर असणार, कारण ती रचना तिला अजून आलेलीच नाही.

तिसरी खूण सगळ्यांत जास्त भुलवते: मातृभाषेची छाप दिसली की एरर. ‘टू बॅग’ घ्या. इंडोनेशियनमध्ये पुस्तकं म्हणायला ‘बुकू-बुकू’ अशी द्विरुक्ती करता येते, पण संख्या आली की ती गळते: ‘दुआ बुकू’, दोन पुस्तक. दोन म्हटलंच आहे, मग अनेकवचन आणखी कशाला, असा साधा हिशेब. (मराठीतही दोन हात, दोन पेन चालतात, पण बॅगेच्या बॅगा कराव्याच लागतात.) म्हणजे ‘टू बॅग’चा उगम मातृभाषेत आहे, असं म्हणायला चांगला आधार आहे. पण उगम कळल्याने ती एरर आहे की मिस्टेक, हे कळत नाही. नियम पक्का ठाऊक असलेला माणूसही दमल्यावर आपल्या भाषेच्या रुळावर घसरतो.

चूक कुठून आली हा एक प्रश्न, आणि ती करणाऱ्याला नियम ठाऊक आहे का हा दुसरा. हे दोन प्रश्न इतक्या वेळा एकमेकांत मिसळले जातात की शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो. ‘आय ॲम व्हेरी लाइक’. यातलं ‘व्हेरी लाइक’ सरळ ‘सांगात सुका’वरून आलेलं दिसतं, तिथे ‘फार’ हा शब्द ‘आवडतं’च्या आधी बिनदिक्कत बसतो. मग ‘ॲम’ कुठून आलं? इंडोनेशियनमध्ये ‘ती सुंदर आहे’ हे ‘दिया चान्तिक’ एवढ्यातच संपतं, ‘आहे’ लागतच नाही. मातृभाषेची छाप असती तर ‘ॲम’ गळायला हवं होतं. इथे ते जास्तीचं आलंय. ‘आय’नंतर ‘ॲम’ येतं हे इतकं घोकलं गेलंय की जिथे नको तिथेही ते येऊन बसतं. ‘आय ॲम अग्री’ हा याचाच भाऊ. जॅक रिचर्ड्स यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं ते हेच, की बऱ्याच चुका मातृभाषेतून न येता शिकायच्या भाषेतल्या नियमांच्या अतिव्याप्तीतून येतात. एकाच वाक्यात दोन्ही प्रकारचे उगम शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि ‘मातृभाषेचा प्रभाव’ असा एकच शेरा मारून मोकळं झालं तर दुसरा उगम दिसतच नाही.

बोलण्यात तर आणखी एक पडदा असतो. इंडोनेशियनच्या देशी शब्दांत शेवटी दोन व्यंजनं जोडून येत नाहीत. त्यामुळे ‘वॉक्ट’मधला (walked) शेवटचा ‘ट’ जिभेवरून निसटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, भूतकाळ चुकला. त्याच मुलीने कागदावर शेवटची ‘ईडी’ नीट लिहिली असेल, तर तिची अडचण उच्चाराची आहे, व्याकरणाची नाही.

आता संशोधनाकडे येतो. इंग्रजी शिक्षण विभागातून पदवी घेताना ‘स्क्रिप्सी’ म्हणजे पदवीचा प्रबंध लिहायची इंडोनेशियात जुनी पद्धत. २०२३ च्या नियमाने त्याला पर्याय दिले असले तरी प्रबंध लिहिणं थांबलेलं नाही. ‘विद्यार्थ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या एरर्सचं विश्लेषण’ हा त्यातला नेहमीचा विषय. साचा ठरलेला: एका वर्गाकडून रीकाउंट टेक्स्ट लिहून घ्यायचं, चुका शोधायच्या, आणि ड्युले, बर्ट व क्रॅशन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या चार रकान्यांत टाकायच्या. काहीतरी गळलं, काहीतरी जास्तीचं आलं, रूप चुकलं, क्रम चुकला. मग टक्केवारी.

हे रकाने उपयोगी आहेत. पण चूक वरून कशी दिसते एवढंच त्यांत मावतं. ती करणाऱ्याला काय ठाऊक होतं, यासाठी तिथे जागाच नाही. एकदाच गोळा केलेल्या कागदांवरून भरलेल्या तक्त्याला ‘एरर’ हे नाव देणं म्हणजे जे तपासलंच नाही ते सिद्ध झाल्याचं सांगणं. माझ्या मते अशा प्रबंधाने एक तर नाव बदलावं, किंवा कागद मुलांकडे परत न्यावेत. दुसरं सोपं आहे आणि त्यातून कळतंही जास्त.

टक्केवारीतही एक खाच आहे. रीकाउंट टेक्स्टमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापद भूतकाळी असावं लागतं. मग भूतकाळाच्या चुका सगळ्यांत वर निघाल्या यात नवल कसलं? तिथे चुकायच्या जागाच सर्वांत जास्त होत्या. ‘जिथे भूतकाळ हवा होता अशा इतक्या जागांपैकी इतक्या चुकल्या’ असं मोजलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो. नाहीतर त्यातून मुलांपेक्षा दिलेल्या विषयाबद्दलच जास्त कळतं.

कागद परत नेण्याची रीत कार्ल जेम्स यांनी १९९८ मध्ये केलेल्या वर्गवारीतून सहज सुचते. ज्या चुका माणूस स्वतःहून सुधारतो त्या सर्वांत वरवरच्या. ज्या कुणी दाखवल्यावर सुधारतो त्या मिस्टेक्स. ज्या दाखवूनही सुधारत नाहीत, पुढचं शिकवल्याशिवाय सुधारणारच नाहीत, त्या एरर्स. म्हणून दोन दिवसांनी कागद कोराच, एकही खूण न करता परत द्यायचा आणि निवांत वाचायला सांगायचं. उरलेल्या ठिकाणी नुसती रेघ मारून पुन्हा द्यायचा. त्यानंतरही जे उरलं, ते त्या गुरूचं पुढच्या तासाचं काम. (तिथेही शिक्षकाला गुरूच म्हणतात.)

ही रीतही पूर्ण निर्दोष नाही. ‘ही’खाली रेघ मारली तर मूल ‘शी’च लिहिणार, दुसरा पर्यायच नाही, मग नियम कळला असो वा नसो. अशा वेळी तीच गोष्ट वेगळ्या वाक्यात पुन्हा तपासावी लागते. आणि उलट बाजूने, वर्गात फळ्यावर ‘एस प्लस व्ही टू प्लस ओ’ (कर्ता, क्रियापदाचं भूतकाळी रूप, कर्म) हे सूत्र लिहिलेलं असतं, ते मुलांना तोंडपाठ असतं. सूत्र म्हणून दाखवणारा मुलगा पुढच्याच ओळीत ‘वुई गो’ लिहितो. याला नियम ठाऊक आहे म्हणायचं की नाही? कॉर्डर यांची दोन खान्यांची मांडणी इथे अपुरी पडते, कारण ठाऊक असणं ही काही आहे-नाही अशी एकच गोष्ट नाही. तरीही हा भेद मी सोडणार नाही, कारण शिक्षकाने पुढे काय करायचं ते त्यावरच ठरतं. मिस्टेक करणाऱ्याला पुन्हा वाचायला वेळ द्यायचा असतो, एरर करणाऱ्याला शिकवायचं असतं. ज्याला येतंय त्याला तोच धडा तिसऱ्यांदा शिकवला तर तो कंटाळतो. ज्याला येत नाही त्याला ‘लक्ष दे’ म्हटलं तर तो बिचारा कशाकडे लक्ष देणार?

भाषांतराच्या वर्गात हाच पेच वेगळ्या रूपात येतो. इंडोनेशियन कथेतल्या ‘दिया’चं इंग्रजी करताना विद्यार्थ्याने ‘ही’ लिहिलं आणि दोन पानांनी ते पात्र बाई निघालं. इंग्रजी त्याचं चुकलेलं नाही, ‘दिया’चा अर्थही त्याला ठाऊक आहे, कथा शेवटपर्यंत वाचून मग भाषांतर सुरू करायचं, हे काम त्याने केलेलं नाही. अशा चुकीला व्याकरणाच्या खात्यात टाकलं तर त्याला सर्वनामांचा धडा मिळेल, आणि त्याला हवी होती ती वाचनाची शिस्त तशीच राहून जाईल.

इंडोनेशियाच्या २०२४ च्या अभ्यासक्रम-नियमानुसार २०२७-२८ पासून प्राथमिक शाळेतही इंग्रजी सक्तीचं होणार आहे. एवढ्या लहान मुलांना ‘असं का लिहिलंस?’ विचारून फार काही हाती लागणार नाही. त्यांच्यासाठी फोनवरचं रेकॉर्डिंग बरं पडेल. मुलाने सांगितलेली आईची गोष्ट त्यालाच ऐकवायची, मध्ये न बोलता, चेहऱ्याने काही न सुचवता. ‘ही’ ऐकून तो स्वतःच ‘शी, शी’ म्हणत अडवतो की तसाच पुढे ऐकत राहतो, तेवढं टिपून ठेवायचं.