यल्लम्माचा डोंगर आणि येळ्ळूरचा गड

पर्यटनामुळे स्थानिकांची राजकीय मतं बदलतात का, या चर्चेत पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांच्या १९७५च्या मांडणीचा दाखला अजूनही दिला जातो. पाहुण्याचं आधी कौतुक, मग सवय, मग चीड, शेवटी वैर. पण त्यात पाहुणा परका असतो. बेळगावच्या सीमाभागात तो परका कधीच नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तरी त्याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माची वाट मोडली नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकडून गाड्या भरून भाविक येतात, ‘उदं गं आई उदं’च्या गजरात डोंगर भंडाऱ्याने पिवळा होतो. शेजारणीशी कन्नडमध्ये बोलणारी कासारीण कोल्हापूरच्या बाईचा हात हातात घेते आणि हिरव्या चुड्याचा भाव मराठीत सांगते. मनगटावर बांगडी चढेपर्यंत सून, पाऊस, उसाचं बिल, सगळं बोलून होतं. सीमाप्रश्न इतका पेटूनही शेजार टिकला, त्यात या बाजाराचा वाटा मला फार मोठा वाटतो.

६ डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं, एसटी थांबली. पौर्णिमा अगदी तोंडावर होती. ज्यांची माणसं डोंगरावर होती, त्यांना सीमावाद म्हणजे काय ते त्या रात्री वेगळंच कळलं असेल.

‘पर्यटन विकास’ मात्र इथे दुसऱ्याच अंगाने आला. बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक कित्येक वर्षं उभा होता. जुलै २०१४मध्ये तो हटवला, गावकऱ्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. त्याच येळ्ळूरच्या राजहंसगडावर पुढे शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला आणि मार्च २०२३मध्ये त्याचं दोनदा अनावरण झालं: २ तारखेला भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई यांच्या हस्ते, ५ तारखेला काँग्रेसकडून. मे महिन्यात विधानसभेची निवडणूक होती.

महाराजांचा पुतळा झाला याचा आनंद इथल्या प्रत्येक मराठी घराला आहे, मलाही आहे. पण जे मत एकेकाळी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं हक्काचं होतं, ते सीमाप्रश्नाचं नाव न काढता मागायची सोय राष्ट्रीय पक्षांना या गडाने करून दिली. सुट्टीच्या दिवशी गडावर फोटो काढायला गर्दी होते. गावातलं एखादं जुनं माणूस भेटलं, तर ते आधी फलकाची जागा दाखवतं, मग गडाची वाट.