हुशारी आणि साठत जाणारे ज्ञान

माणूस इतर प्राण्यांहून वेगळा का, असे विचारले की ‘त्याला बुद्धी आहे म्हणून’ हे उत्तर तयारच असते; पण त्या एका उत्तरात दोन निराळ्या क्षमतांची सरमिसळ झालेली असते. समोरची अडचण स्वतःच्या डोक्याने सोडवणे ही हुशारी. दुसऱ्याने शोधलेली रीत नेमकेपणाने उचलणे, तिच्यात जमल्यास भर घालणे आणि ती पुढच्या पिढीच्या हाती देणे ही दुसरी, आणि माझ्या मते माणसाचे वेगळेपण मुख्यतः या दुसरीत आहे.

हुशारीवर आपली मक्तेदारी नाहीच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या प्रयोगात बेट्टी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि उभ्या नळीतली खाऊची चिमुकली बादली वर ओढून काढली.

दुसरी क्षमता पाहायची तर कोल्हापूरच्या आसपासच्या एखाद्या गुऱ्हाळावर जावे. काहिलीतला रस तापू लागला की त्यात भेंडीचा बुळबुळीत रस सोडतात आणि वर येणारी मळी काढत राहतात. पुढे पाक उतरवण्याजोगा झाला की नाही हे ठरवण्यासाठी गुळव्या त्यातला थोडासा गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. भेंडीतला चिकट पदार्थ रसातला बारीक गाळ धरून वर आणतो, हे कारण नुकत्याच कामाला लागलेल्या पोराला ठाऊक असेलच असे नाही, तरी ती पायरी तो वगळत नाही. कारण कळेपर्यंत थांबला असता, तर गूळ काळाच निघाला असता.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी २००५ मध्ये नेमका हाच फरक दाखवून दिला. युगांडातल्या चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून खाऊ काढण्याची कृती दाखवली गेली. तिच्यात वरच्या भोकात काठी खुपसण्याची एक निरुपयोगी पायरी होती. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझींनीही ती पायरी केली, पण पारदर्शक पेटीत तिचा व्यर्थपणा दिसताच बहुतेकदा ती सोडून दिली, तर मुले काठी खुपसतच राहिली. हुशारीच्या कसोटीवर येथे चिंपांझी सरस ठरतो, हे मान्य करायला आपल्याला जरा जड जाते. मात्र ज्या रीतीचे कारण डोळ्यांना दिसत नाही, ती टिकते मुलांसारख्या नकलेमुळेच.

निव्वळ मेंदूच्या आकारावर बोट ठेवूनही भागत नाही. माणसाचा मेंदू सुमारे १,३५० ग्रॅमचा आणि चिंपांझीचा सुमारे ४०० ग्रॅमचा असला, तरी हत्तीचा पाच किलोंच्या घरात असतो. शिवाय २००७ च्या एका मोठ्या तुलनेत अडीच वर्षांची मुले जागा, संख्या आणि कार्यकारणभाव यांविषयीच्या कोड्यांत चिंपांझींच्या बरोबरीचीच निघाली. ती स्पष्टपणे पुढे गेली ती दुसऱ्याकडे पाहून शिकण्यात आणि त्याचा हेतू ओळखण्यात.

तरीही या दोन क्षमता एकमेकींपासून अगदी तुटलेल्या नाहीत: रीत टिकवायला नक्कल पुरते, पण तिच्यात भर घालायला हुशारीही लागते. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम येथे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या घडवण्याची रीत पिढ्यानपिढ्या पोहोचत होती, पण पुढे लाखो वर्षे, मेंदू वाढत असतानाही, तिच्यात फारशी भर पडली नाही. भर पडण्याचा वेग खऱ्या अर्थाने वाढला तो गेल्या काही लाख वर्षांत.