अधिकृत भेट (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

अधिकृत भेट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन फुटबॉलसाठी चालणाऱ्या खेळाडूभरतीतील एक नियमबद्ध प्रथा. हायस्कुलात शिकणाऱ्या निवडक खेळाडूला विद्यापीठ स्वखर्चाने आपल्याकडे बोलावते, दोन रात्री ठेवून घेते आणि प्रशिक्षक, संघातील खेळाडू, वर्ग, वसतिगृहे व मैदान यांची ओळख करून देते. रूढ भाषेत हिला ‘ऑफिशियल व्हिजिट’ आणि येणाऱ्या खेळाडूला ‘रिक्रूट’ म्हणतात. खेळाडू पदरमोड करून गेला, तर ती भेट ‘अनऑफिशियल’ ठरते. अशा भेटी कितीही घेता येतात आणि प्रत्यक्षात त्याच अधिक होतात. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल अभिप्रेत आहे. प्रथेचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही संस्था करते. १९०६ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेने १९१० मध्ये सध्याचे नाव घेतले.

उगम : प्रथेच्या आरंभाविषयी एकमत नाही. सर्वसाधारणपणे तीन मते मांडली जातात.

पहिल्या मतानुसार तिचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईशान्येकडील जुन्या विद्यापीठांत सापडते. तेथे भरती प्रशिक्षकांपेक्षा माजी विद्यार्थ्यांच्या हाती होती. चांगला खेळाडू हेरणे, त्याच्या रेल्वेभाड्याची सोय करणे, त्याला आपल्या क्लबात जेवू घालणे ही कामे ते हौसेने करीत. या मताच्या पुष्ट्यर्थ येल विद्यापीठाचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन याचे उदाहरण हटकून दिले जाते. १९०५ मध्ये मॅक्लुअर्स या मासिकाने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनुसार होगनला राहण्याजेवणाची उत्तम सोय, क्युबाची सहल आणि न्यू हेवनमध्ये एका तंबाखू कंपनीची दलाली मिळाली होती. मात्र हे सारे त्याला येलमध्ये दाखल झाल्यावर मिळाले. प्रवेशापूर्वीच्या पाहुणचाराचा पुरावा म्हणून ते वापरणे ओढूनताणून वाटते.

दुसरे मत मध्यपश्चिमेकडे बोट दाखवते. शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक एमस अलोन्झो स्टॅग यांनी १९०२ पासून शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा विद्यापीठाच्या आवारात भरवल्या. स्पर्धकांची राहण्याची व्यवस्था विद्यार्थी-मंडळांच्या (फ्रॅटर्निटी) घरांतून होई. यजमान विद्यार्थी, मुक्काम, परिसराची फेरी आणि प्रशिक्षकांशी ‘सहज’ झालेली भेट ही आजच्या अधिकृत भेटीची जवळजवळ सर्व अंगे येथे दिसतात. इलिनॉय विद्यापीठातही अशा स्पर्धा होत. पुढे राष्ट्रीय कीर्ती मिळवलेल्या रेड ग्रेंज याची बॉब झुपके या प्रशिक्षकाशी गाठ पडली ती शालेय धावस्पर्धेच्या निमित्तानेच. झुपके यांनी काही देऊ केले नाही, ‘इथे आलास तर संघात जागा मिळू शकेल’ अशा अर्थाचे आश्वासन तेवढे दिले. शिकागोचा विख्यात क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) वॉल्टर एकरसॉल याला मिशिगनला जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी स्टॅग यांनी फलाटावरूनच परत आणले, अशी कथाही सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण १९०३ च्या सुमारास शाळकरी खेळाडूसाठी दोन विद्यापीठांत ओढाताण होणे लोकांना स्वाभाविक वाटत होते, एवढे तिच्यावरून कळते. स्टॅग यांच्या शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये वरिष्ठ पातळीवरील फुटबॉल बंद केला, हा इतिहासातील एक विरोधाभास.

तिसऱ्या मतानुसार पाहुणचार जुना असला, तरी ‘अधिकृत भेट’ ही संस्था विसाव्या शतकाच्या मध्यातील नियमनातून जन्मली. कार्नेगी प्रतिष्ठानाने ऑक्टोबर १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तपासलेल्या ११२ अमेरिकी महाविद्यालयांपैकी सुमारे पाव महाविद्यालयेच खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या छुप्या मदतीपासून मुक्त आढळली. १९४८ मध्ये एनसीएएने ‘सॅनिटी कोड’ नावाची आचारसंहिता लागू केली. तिने मदत गरजेपुरती आणि शिक्षणशुल्कापुरती सीमित केली व भरतीवरही बंधने घातली. १९५० च्या अधिवेशनात संहिता मोडणाऱ्या सात संस्थांच्या हकालपट्टीचा ठराव आला. बाजूने १११ व विरोधात ९३ मते पडली, परंतु दोनतृतीयांश बहुमत झाले नाही आणि पुढच्याच वर्षी संहिता गुंडाळली गेली. त्यानंतर एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत धोरण बदलले. जे थांबवता येत नाही ते मोजून, मापून, मर्यादेत होऊ द्यावे, असा हा नवा रोख होता. १९५६ मध्ये पूर्ण क्रीडाशिष्यवृत्तीला मान्यता मिळाली. विद्यापीठाने एका खेळाडूची एकच भेट आपल्या खर्चाने घडवावी, तीही दोन दिवसांपुरती, हा दंडकही याच कालखंडातला असावा.

प्रस्तुत नोंदीत तिसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. ‘अधिकृत’ या विशेषणाला अर्थ येतो तो खर्च कोणी केला आणि त्याची नोंद कोठे झाली यावरून. माजी विद्यार्थ्याने दिलेल्या मेजवानीला किंवा स्टॅग यांच्या स्पर्धांना अशी नोंदवही नव्हती. स्टॅग यांच्या स्पर्धांनी भेटीला तिचा आकार दिला असेल, हे मात्र नाकारता येत नाही.

दक्षिणेतील वर्णभेदाच्या काळात या प्रथेचे क्षेत्र अर्थातच अर्धेच होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या क्रीडागटातील संघ कृष्णवर्णीय खेळाडूंना बोलावतच नसत. केंटकी विद्यापीठाने नेट नॉर्दिंग्टन याच्याशी करार केला तो फ्रँकफर्ट येथील गव्हर्नरच्या निवासस्थानी. खुद्द गव्हर्नर एडवर्ड ब्रेथिट यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. सप्टेंबर १९६७ मध्ये नॉर्दिंग्टन त्या कॉन्फरन्सच्या सामन्यात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरला. भरतीच्या पाहुणचाराने राजकीय अर्थ धारण केल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

नियम व कार्यपद्धती : अनेक दशके अधिकृत भेटीची कमाल मुदत ४८ तास होती. ही मुदत मोजायची कशी, यावर नियमपुस्तकाने बरीच शाई खर्च केली आहे. घड्याळ सुरू होई ते खेळाडूने विद्यापीठाच्या परिसरात पाऊल ठेवल्यावर. घरून निघाल्यापासून किंवा विमानतळावर उतरल्यापासून नव्हे. त्यामुळे हवाईहून येणारा आणि शेजारच्या गावातून येणारा या दोघांना यजमानांचा सहवास सारखाच मिळे. मुदत संपताच खेळाडूने निघायचे. हौसेने रेंगाळला, तर परतीचे भाडे विद्यापीठाला देता येत नसे. करमणुकीला भौगोलिक कुंपणही आहे. पाहुण्याला मुख्य परिसरापासून ३० मैलांच्या (सुमारे ४८ किमी.) आतच फिरवता येते. समुद्रकिनारा किंवा मोठे शहर ३१ व्या मैलावर असलेल्या विद्यापीठांची त्यामुळे पंचाईत होते. २०२३ पासून तासांऐवजी दोन रात्रींच्या मुक्कामाचे माप आले. खेळाडूसोबत कुटुंबातील दोघांचा प्रवास व निवास आणि कुटुंबातील एकूण चार जणांपर्यंतचे जेवण हा खर्चही विद्यापीठाला करता येतो.

भेटींची संख्या हा दुसरा वादविषय. १९७० च्या दशकात खर्चकपातीची लाट आली, तेव्हा एका खेळाडूला एकूण सहा विद्यापीठांच्याच अधिकृत भेटी घेता येतील असे ठरले. पुढे हा आकडा पाचवर आला आणि दीर्घकाळ टिकला. कोणत्या पाच जणांना होकार द्यायचा, हा शाळकरी मुलांच्या घरांतील चर्चेचा आणि क्रीडापत्रकारांच्या अटकळींचा विषय झाला. १ जुलै २०२३ रोजी ही मर्यादा उठली. फुटबॉलमध्ये आता प्रत्येक विद्यापीठाला एक याप्रमाणे कितीही भेटी घेता येतात आणि मुख्य प्रशिक्षक बदलल्यास त्याच ठिकाणी दुसऱ्यांदाही जाता येते.

भेटीतील निर्णायक व्यक्ती बहुधा प्रशिक्षक नसतो; तो असतो यजमान विद्यार्थी (होस्ट). सहसा तो संघातलाच, शक्यतो पाहुण्याच्याच जागी खेळणारा किंवा त्याच्याच गावाकडचा निवडतात. त्याला करमणुकीसाठी दिवसाला ठरावीक रक्कम मिळते. पूर्वी ती ३० डॉलर होती, नंतर वाढवली गेली. या पैशातून पाहुण्याला भेटवस्तू किंवा विद्यापीठाच्या नावाची टोपीसुद्धा घेऊन देता येत नाही. दिवसभराचा ठरीव कार्यक्रम आटोपल्यावर पाहुणा यजमानाच्या स्वाधीन होतो. संघात खरोखर काय चालते, प्रशिक्षक रागावतो कसा, खेळायला कधी मिळते, हे त्याला तेथेच समजते. प्रथेतील बहुतेक अनर्थही याच वेळेत घडले आहेत.

२००४ ची सुधारणा : डिसेंबर २००१ मध्ये बोल्डर येथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या फुटबॉल-पाहुण्यांच्या उपस्थितीत झालेल्या एका पार्टीत आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार विद्यार्थिनींनी केली. भरतीच्या पाहुणचारावर विद्यापीठाची देखरेख नव्हती, असा त्यांच्या दिवाणी दाव्याचा गाभा होता. २००७ मध्ये दहाव्या सर्किटच्या (संघीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने दावा पुढे चालू देण्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाने दोन विद्यार्थिनींशी २८ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड केली. दरम्यान २००४ मध्ये मुख्य प्रशिक्षक गॅरी बार्नेट यांना काही काळ सक्तीच्या रजेवर पाठवले गेले होते.

त्याच वर्षाच्या आरंभी मायामी हेरल्ड या दैनिकात एका शाळकरी लाइनबॅकरने (बचावफळीतील खेळाडूने) सांगितलेली भेटींची रोजनिशी क्रमशः छापून आली. टॅलहॅसी येथील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या भेटीत उपाहारगृहातील लॉबस्टरची किंमत पाहून तो आधी संकोचला, एकच मागवला. इतरांची मागणी ऐकल्यावर वेटरला परत बोलावून त्याने चार लॉबस्टर, दोन स्टेक आणि वर कोळंबी मागवली. वाचक हसले, एनसीएएचे पदाधिकारी हसले नाहीत. या दोन प्रकरणांचे वजन सारखे नाही. पहिले गुन्ह्याचे आहे, दुसरे उधळपट्टीचे. तरी सुधारणेच्या मसुद्यात ती एकत्र आली, आणि टीकाकारांच्या मते नियमांचा अधिक भाग दुसऱ्याच प्रकारावर खर्ची पडला. हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे.

एनसीएएचे पदाधिकारी डेव्हिड बर्स्ट यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाच्या शिफारशींवरून ऑगस्ट २००४ मध्ये तातडीचे नियम लागू झाले. खाजगी विमानाने आणण्यास बंदी आली. नेहमीच्या विमानातील साध्या वर्गाचे तिकीटच चालेल असे ठरले. जेवण संघातील विद्यार्थ्यांना मिळते त्या दर्जाचे आणि खोली साधी असावी असे सांगताना जकुझी व सूट यांचा नियमात नावानिशी उल्लेख झाला. पाहुण्याच्या नावाची जर्सी टांगणे, रिकाम्या मैदानात धावफलकावर त्याचे नाव झळकवून ध्वनिक्षेपकावरून त्याची घोषणा करणे, हे प्रकारही थांबवले गेले. यजमान विद्यार्थी निवडण्याची पद्धत इतर सर्व भावी विद्यार्थ्यांसाठी असते तीच असावी, असे बंधन आले. केवळ तरुणींची ‘स्वागतपथके’ ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला ते उद्देशून होते. याखेरीज प्रत्येक विद्यापीठाने भेटींविषयी लेखी धोरण करावे आणि त्याला अध्यक्षांची मान्यता घ्यावी, असे ठरले. प्रत्यक्ष जबाबदारी निश्चित करणारे कलम ते हेच.

साधेपणाचा आग्रह फार काळ टिकला नाही. जून २०२२ मध्ये टेक्सस विद्यापीठाने बहुचर्चित शाळकरी क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग आणि अन्य आठ खेळाडूंच्या एका सप्ताहान्तावर सुमारे २ लाख ८० हजार डॉलर खर्च केल्याचे कागदपत्रांवरून उघड झाले. मुक्काम ऑस्टिनमधील फोर सीझन्स हॉटेलात होता. खर्चाची दुसरी वाट इमारतींची. ऑरेगन विद्यापीठाचे २०१३ मधील सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरांचे फुटबॉल संकुल आणि क्लेम्सन विद्यापीठाचे २०१७ मधील साडेपाच कोटी डॉलरांचे संकुल ही ठळक उदाहरणे. क्लेम्सनच्या संकुलात घसरगुंडी, बोलिंगची पट्टी आणि छोटे गोल्फमैदान आहे. खेळाडू रोज घसरगुंडी वापरतात असा कोणाचाच दावा नाही. ती पाहुण्याने पाहावी यासाठी असते.

वेळापत्रक : वर्षाचे ‘कॉन्टॅक्ट’ (भेटीगाठींचा), ‘इव्हॅल्युएशन’ (खेळ पारखण्याचा), ‘क्वाएट’ व ‘डेड’ असे कालखंड पाडलेले असतात. क्वाएट काळात खेळाडू विद्यापीठात येऊ शकतो, पण प्रशिक्षक त्याच्या दारी जाऊ शकत नाही. डेड काळात प्रत्यक्ष भेट अजिबात नाही. पूर्वी अधिकृत भेटी शाळेच्या अंतिम वर्षातच होत. सामन्याच्या शनिवारी लाखभर प्रेक्षकांच्या गजरात पाहुण्याला मैदानाकडेला उभे करणे हे तेव्हाचे मुख्य आकर्षण होते. फेब्रुवारीतील पहिल्या बुधवारी करारावर सह्या होत, म्हणून उरलेल्या भेटी जानेवारीत उरकल्या जात. फ्लोरिडातला मुलगा बर्फात गारठून परत जाई, अशी उत्तरेकडील प्रशिक्षकांची कुरकुर असे. २०१७ मध्ये डिसेंबरात सह्यांचा जादा टप्पा सुरू झाला आणि उपान्त्य वर्षातील खेळाडूला एप्रिल ते जून या काळात अधिकृत भेट घेण्याची मुभा मिळाली. ती प्रत्यक्षात २०१८ च्या वसंतापासून अमलात आली.

करोनाच्या साथीत मार्च २०२० ते मे २०२१ अखेर अखंड डेड काळ होता. त्या मोसमातील कित्येक खेळाडूंनी विद्यापीठ पडद्यावर पाहूनच निर्णय घेतला. १ जून २०२१ रोजी दारे उघडली तेव्हा साचलेल्या भेटी एकाच महिन्यात झाल्या. तेव्हापासून जून हा अधिकृत भेटींचा मुख्य महिना बनला आहे. २०२४ पासून सह्यांचा पहिला टप्पा डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी आणल्याने शरद ऋतूतील भेटींचे महत्त्व आणखी घटले. १९६४ पासून चालत आलेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे करारपत्रही ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव व प्रतिमेतून पैसे कमावण्याची मोकळीक आहे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मान्य केलेल्या हाउस प्रकरणातील (खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यातील) तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५–२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. त्यामुळे भेटीतील एक बैठक आता उघडपणे पैशांची असते आणि तीत पालकांबरोबर अनेकदा दलालही बसतो. यजमानाने पाहुण्याला टोपी घेऊन देण्यास मनाई करणारी कलमे आणि ही बैठक एकाच व्यवस्थेत नांदतात.

एनसीएएच्या दुसऱ्या व तिसऱ्या विभागातील (खालच्या स्पर्धागटांतील) लहान महाविद्यालयांत, तसेच वेस्ट पॉइंट व ॲनापोलिस येथील लष्करी अकादमींत ही प्रथा बऱ्याच साध्या रूपात आढळते. तिसऱ्या विभागात क्रीडाशिष्यवृत्ती नसल्याने पाहुणचाराचा भर अभ्यासक्रम व आर्थिक साहाय्य यांवर असतो.