मिशनरी वैमानिकाची पूर्वतयारी

जिथे रस्ते पोचलेले नाहीत अशा मुलखात छोट्या विमानांनी रुग्ण, औषधे, शिक्षक, बियाणे, छपराचे पत्रे आणि धर्मसेवक यांची ने-आण करण्याचे काम काही ख्रिस्ती संस्था करतात. याला मिशनरी विमानसेवा म्हणतात. पापुआ न्यू गिनी, इंडोनेशियाचा पापुआ प्रदेश, काँगो, चाड, दक्षिण सुदान ही या सेवेची आजची ठळक क्षेत्रे आहेत. या कामासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला जी दीर्घ तयारी करावी लागते, तिच्यापुरतीच ही नोंद आहे.

देवावर भिस्त ठेवणारा माणूस तयारीत थोडा ढिला असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटू शकते. या परंपरेत प्रत्यक्षात उलटे घडले आहे. प्रार्थना केली म्हणून इंधन मोजायचे राहिले, ही गोष्ट इथे श्रद्धेची मानत नाहीत, हयगय मानतात. ज्याने पाठवले आहे त्याचेच विमान, त्याचेच प्रवासी. मग नट सैल राहता कामा नये, असा हा विचार आहे. तो समजला की पुढची सारी तयारी का इतकी लांबते हे कळते.

मिशनच्या कामी विमान वापरण्याची कल्पना दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली आहे. जर्मन कॅथलिक धर्मगुरू पाउल शुल्टे पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांचा एक मित्र आफ्रिकेत मिशनवर असताना आजारी पडला आणि वेळेवर वाहन न मिळाल्याने गेला. त्या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ मध्ये मिशनांना मोटारी, होड्या आणि विमाने पुरवणारी मिवा ही संस्था काढली. प्रॉटेस्टंटांत या कामाला नेमके रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्करात उडायला शिकलेले अनेक तरुण घरी परतत होते आणि हे कसब आता कशासाठी वापरायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. जिम ट्रक्स्टन आणि त्यांच्या काही सहकारी वैमानिकांनी १९४५ मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती वैमानिकांची एक संघटना उभी केली. तीच पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ, या नावाने ओळखली गेली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथेही त्याच सुमारास अशा संघटना निघाल्या.

या संघटनेचे पहिले उड्डाण एका स्त्रीने केले. बेटी ग्रीन ही सिएटलची मुलगी, सोळाव्या वर्षी विमान चालवायला शिकू लागलेली. युद्धकाळात ती अमेरिकी हवाई दलाला साहाय्य करणाऱ्या महिला वैमानिकांच्या तुकडीत होती. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी १९३३ सालचे एक चार आसनी, दुहेरी पंखांचे वाको विमान घेऊन ती मेक्सिकोकडे निघाली. बरोबर बायबल भाषांतराचे काम करणाऱ्या दोघी होत्या. पुढे तेच विमान दुसऱ्या वैमानिकाच्या हातून उतरताना मोडले आणि ते दुरुस्त करायला नेट सेंट नावाच्या तरुण मेकॅनिकला मेक्सिकोत पाठवावे लागले. पहिल्याच वर्षी मिळालेला हा धडा पुढच्या सगळ्या प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. जंगलात विमान मोडले तर गॅरेज नसते. त्यामुळे उडवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस शक्यतो एकच हवा.

म्हणूनच मिशनरी वैमानिकाचे शिक्षण साध्या वैमानिकाच्या शिक्षणाहून लांब असते. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्ससाठी साधारण २५० तासांचे उड्डाण लागते. त्याशिवाय ढगांत केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे प्रमाणपत्र हवे. शिवाय विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींच्या दुरुस्तीचे लायसन्स. ते कामाच्या अनुभवावर मिळवायचे तर ३० महिने खपावे लागते. भारतात २०० तासांवर व्यावसायिक लायसन्स मिळते, आणि वैमानिक व देखभाल अभियंता हे दोन वेगळे पेशे धरले जातात. दोन्ही वाटा एकाच माणसाने चालण्याचा रिवाज आपल्याकडे जवळजवळ नाही, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला थोडी अनोळखी वाटेल. असे जोडशिक्षण देण्यासाठी खास शाळा निघाल्या. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटमध्ये पॉल रॉबिन्सन या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) १९४६ मध्ये विमानविद्येचा अभ्यासक्रम सुरू केला. टेक्सासमधल्या लटूर्नो विद्यापीठातही हा विषय शिकवतात. बायबल भाषांतरकारांना विमान व रेडिओ पुरवणाऱ्या जार्स या संस्थेचे प्रशिक्षण नॉर्थ कॅरोलायनातल्या वॅक्सहॉ इथे चालते.

या शिक्षणाचा पोत कळायला सकाळची एक छोटी कृती पुरेशी आहे. उड्डाणाआधी विद्यार्थी पंखाखालच्या झडपेला एक पारदर्शक कप लावतो, थोडे इंधन काढतो आणि कप उजेडात धरतो. रात्रीच्या दमटपणाने टाकीत पाणी साठले असेल तर ते तळाशी बुडबुड्यासारखे बसलेले दिसते. पण पूर्ण कपच पाण्याने भरला असेल तर वेगळी रेषा दिसणारच नाही. म्हणून रंग पाहायचा, वास घ्यायचा. विमानी पेट्रोल निळसर असते आणि पाण्याला वास नसतो. पिंपातून हातपंपाने इंधन भरावे लागणाऱ्या मुलखात हा कप म्हणजे आयुष्याचा प्रश्न. शिकवणारे तो शेकडो वेळा हातात देतात, इतका की पुढे कोणी पाहत नसतानाही हात आपोआप झडपेकडे जावा.

नेट सेंट हा या शिस्तीचा आणि त्याच वेळी या श्रद्धेचाही सर्वांत ठळक चेहरा. लहानपणी झालेला पायाच्या हाडाचा आजार सैन्यातल्या प्रशिक्षणाच्या वेळी उलटला आणि लढाऊ वैमानिक होण्याची वाट बंद झाली. उरलेले युद्ध त्याने मेकॅनिक म्हणून काढले. १९४८ मध्ये पत्नी मार्जसह तो इक्वेडोरला गेला. तेल कंपनीने सोडून दिलेल्या शेल मेरा या तळावर त्यांनी घर बांधले. मार्ज रेडिओवर बसून त्याच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवी. इंधनाची नळी तुंबून इंजिन थांबू नये म्हणून त्याने पर्यायी इंधनव्यवस्था तयार केली. विमान उतरवता येणार नाही अशा ठिकाणी सामान पोचवण्याची त्याची युक्ती तर अजूनही सांगितली जाते. विमान एका जागी गरगर फिरवत ठेवायचे आणि लांब दोराला बादली बांधून सोडायची. वर्तुळ नीट जमले की दोराचे खालचे टोक जवळजवळ स्थिर होते आणि खालच्या माणसाला बादलीतून वस्तू काढता येतात, टाकताही येतात. याच बादलीने त्याने इक्वेडोरच्या जंगलातल्या वाओरानी जमातीशी भेटींची देवाणघेवाण सुरू केली. परत आलेल्या भेटींत एक पोपटही होता. ८ जानेवारी १९५६ रोजी कुराराय नदीच्या वाळूवर तो आणि त्याचे चार साथी वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले. त्या वेळी तो ३२ वर्षांचा होता.

या मृत्यूने पुढच्या दोन-तीन पिढ्यांतले किती तरी तरुण या वाटेला लागले. मात्र एकाकी जमातींपर्यंत विमानाने अचानक पोचणे योग्य होते का, त्यांना नवे आजार आणि मागोमाग तेल कंपन्यांचा वावर सोसावा लागला त्याचे काय, हा प्रश्न मानववंशशास्त्रज्ञांनी लावून धरला आहे. तो रास्त आहे. प्रशिक्षणात सेंटची गोष्ट सांगायची तर हा प्रश्नही बरोबर सांगितला पाहिजे. आजच्या सेवेतला मोठा भाग रुग्णवाहतूक, आपत्तीतली मदत आणि स्थानिक मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहांनी, मागितलेली उड्डाणे यांचा आहे, हे त्याच दिशेचे पाऊल मानता येईल.

विमानविद्येइतकीच दमवणारी तयारी पैशाची असते. बहुतेक मिशन संस्था वैमानिकाला पगार देत नाहीत. तो आपल्या गावच्या आणि आसपासच्या मंडळ्यांत जातो, आपल्याला पाचारण, म्हणजे या कामासाठी देवाची हाक, कसे झाले याची साक्ष देतो आणि दरमहा काही देऊ शकणाऱ्या घरांची यादी हळूहळू भरत जाते. ठरलेली रक्कम पुरी होईपर्यंत परदेशी जाता येत नाही. बँकेच्या नोकरीत असता तर या वेळी स्वतःचे घर झाले असते, असा माणूस दोन मुलांसह रविवारमागून रविवार अनोळखी सभागृहांत उभा राहतो. श्रद्धेची परीक्षा ढगांत होते असे आपल्याला वाटते. ती यापेक्षा जास्त अशा बैठकखोल्यांत होते, असे या वाटेने गेलेल्यांच्या साक्षी वाचल्या की जाणवते.

या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर आपली गरज देवाखेरीज कुणाला सांगत नसत. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांनी ठरलेल्या पगाराशिवाय मिशन चालवण्याची रीत पाडली. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. पंडिता रमाबाईंनी म्यूलर, टेलर आणि मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रे वाचली होती आणि केडगावचे मुक्ती मिशन त्याच भरवशावर चालवले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या जेवणाची सोय करताना त्यांच्यापाशी पुढच्या महिन्याची हमी नसे. मात्र म्यूलर यांच्या मौनात आणि आजच्या वैमानिकाच्या पत्रांत फरक आहे. आजचा उमेदवार किती रक्कम कमी पडते हे मोकळेपणाने लिहितो, काही जण तर दर आठवड्याला आकडा कळवतात. काही जुन्या पाळकांना हे रुचत नाही. मला त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. देणाऱ्यालाही आपण कशात भागीदार आहोत हे कळायला हवे.

निवडीत संस्था केवळ कौशल्य पाहत नाहीत. उमेदवाराच्या मंडळीचे शिफारसपत्र, पाळकाशी बोलणे, मानसिक चाचण्या, पती-पत्नी दोघांच्या मुलाखती होतात. कारण पापुआच्या एखाद्या तळावर वैमानिक सकाळी निघून जातो आणि बाकी संसार त्याची बायको किंवा नवरा सांभाळतो. मुलांची शाळा घरीच भरवावी लागते किंवा वसतिगृहात पाठवावी लागते. एकाला पाचारण वाटते आणि दुसऱ्याला वाटत नाही, असे असेल तर थांबायला सांगतात.

मग भाषा. पापुआत जाणाऱ्याला इंडोनेशियन शिकावी लागते, आणि त्यासाठी अनेक जण आधी जावातल्या बांडुंगमध्ये राहतात. काँगो आणि चाडसाठी फ्रेंच. पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन ही बाजाराची आणि रेडिओचीही भाषा आहे. तीत विमानाला ‘बालुस’ म्हणतात, आणि हाच शब्द कबुतरालाही आहे. हे महिने वैमानिकाला फार जड जातात. हजारो तासांचा अनुभव असलेला माणूस भाजीवालीकडे मीठ मागताना अडखळतो. पण विमानात बसलेली बाळंतीण काय म्हणते आहे हे कळले नाही तर बाकीच्या लायसन्सांचा उपयोग अर्धाच राहतो.

विमाने बदलली तसे प्रशिक्षणही बदलले. पूर्वी पायपर आणि सेसना १८५, २०६ ही पेट्रोलवर चालणारी विमाने मुख्य होती. दुर्गम देशांत विमानी पेट्रोल मिळणे कठीण आणि महाग होत गेले, तेव्हा जेट इंधनावर चालणारे सेसना कॅरव्हॅन पुढे आले. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंटमध्ये बनलेले कोडिअ‍ॅक विमान तर मिशन संस्थांच्या गरजा समोर ठेवूनच आखले गेले. जुना मेकॅनिक पान्याने इंजिन उघडत असे. नव्याला टर्बाइन समजून घ्यावे लागते.

तरीही धोका संपत नाही, आणि कोणी तसे सांगतही नाही. जॉइस लिन या अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात शिकलेल्या संगणकतज्ज्ञ. नोकरीची वर्षे मागे टाकून त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, मग वैमानिक झाल्या, मग इंडोनेशियन शिकल्या. १२ मे २०२० रोजी पापुआतल्या मामित गावासाठी कोविड चाचणीचे संच आणि शाळेचे साहित्य घेऊन निघालेले त्यांचे कोडिअ‍ॅक विमान सेंटानी सरोवरात कोसळले आणि त्या गेल्या. वय ४०. दुसऱ्या प्रकारचा धोका राजकीय आहे: २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मोझांबिकमध्ये एका अमेरिकी मिशनरी वैमानिकाला अनाथाश्रमांसाठी सामान नेताना ताब्यात घेतले आणि तो चार महिन्यांनी बाहेर आला. म्हणून तयारीत मृत्युपत्र करणे, आपल्या माघारी मुलांचे पालक कोण हे लिहून ठेवणे याही गोष्टी येतात. बायबलमधल्या स्तोत्र १३९ मध्ये पहाटेचे पंख धारण करून समुद्रापलीकडे राहिलो तरी तिथेही देवाचा हात धरून असेल, अशा अर्थाचे शब्द आहेत. या लोकांना ते मनापासून प्रिय आहेत. ते वाचूनही ते मृत्युपत्र करतातच.

शेवटचे शिक्षण मुलखात पोचल्यावर होते. पापुआच्या डोंगरांत अनेक धावपट्ट्या दऱ्यांच्या उतारावर कोरलेल्या, काही जेमतेम ४०० मीटरच्या, गवताच्या. अशा पट्टीवर चढणीच्या दिशेने उतरायचे आणि उताराच्या दिशेने उडायचे. समोर डोंगराची भिंत असल्याने एका ठराविक बिंदूनंतर पुन्हा वर उठता येत नाही; तो बिंदू प्रत्येक पट्टीवर वेगळा आणि तिथे येण्याआधीच उतरायचे की परत फिरायचे हे ठरवायचे असते. दुपारी ढग डोंगरांना चिकटतात आणि गरम, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून काम पहाटे सुरू होते. निघण्याआधी प्रवाशांना त्यांच्या पिशव्या, कोंबड्या, रताळ्यांसकट काट्यावर तोलतात. म्हातारीने कनवटीला बांधलेले मीठही वजनात धरतात. नव्या वैमानिकाशेजारी अनुभवी प्रशिक्षक बसतो. एक-एक पट्टी दाखवतो, मग त्याच्याकडून उतरवून घेतो, पुन्हा उतरवून घेतो आणि समाधान झाले तरच त्या पट्टीपुढे सही करतो. शेजारच्या डोंगरावरची पट्टी दिसत असली तरी तिची सही वेगळी घ्यावी लागते.